दाजींच्या नावाची फुंकर

महेंद्र शेजवळला पाहून कुणी त्याच्या छातीचं कौतुक केलं नसतं. माणूस बुटका, हडकुळा, मानेच्या शिरा दिसणारा. पण सापगावच्या भीमज्योत ब्रास बँडमध्ये तो क्लारनेट वाजवायचा, आणि एकदा त्यानं सूर धरला की ढोलवाल्याचे हात भरून यायचे तरी त्याचा श्वास संपायचा नाही. लोक गमतीनं म्हणायचे, हा मांडवात श्वास घेतो तो वरात घरी पोचल्यावर सोडतो. ही अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती.

ही छाती त्याला दिली त्याच्या चुलत्यानं. नथूकाका स्वतः बँडमध्ये मुरलेला आणि स्वभावानं तिखट. पोराला भातसा नदीत छातीभर पाण्यात उभा करायचा आणि तिथं श्वास भरायला लावायचा. पाणी चारी बाजूंनी दाबतं, त्याला मागं रेटून श्वास घ्यावा लागतो. नदीवरून आलं की घरात तेलाचा दिवा लावायचा. दिव्यापासून हातभर लांब बसून ज्योतीवर फुंकर धरायची. ज्योत वाकली पाहिजे, विझता कामा नये. काकानं वर धरलेलं बोट खाली घेईपर्यंत ती तश्शीच वाकलेली राहिली पाहिजे. विझली की डोक्यात टपली.

"जोरानं तर लोहाराचा भातापण फुंकतो," काका म्हणायचा. "माणसाला कुठं थांबायचं ते कळाया पायजे."

महेंद्र ते इतकं पक्कं शिकला की पुढं पुढं तो ज्योत हवी तेवढीच वाकवून दाखवायचा, पोरं टाळ्या पिटायची. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो आहे. पुढं सगळं याच्यावरच येऊन अडणार आहे.

बँडवर काही बारा महिने पोट भरत नाही. लग्नसराई आणि चौदा एप्रिलची जयंती सोडली तर महेंद्र पावडर कंपनीत जायचा. शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला ती होती. गारगोटीचा पांढरा दगड आणायचा, चक्कीत घालून मैद्यासारखा बारीक दळायचा, गोणीत भरून पाठवायचा, एवढाच तिथला धंदा. महेंद्र गोण्यांची तोंडं शिवायचा. त्याची जागा बाहेर, पत्र्याच्या उघड्या मांडवात, वाऱ्याला. चक्की आत, चार भिंतींत.

धाकटी बहीण शालन त्यानंच सरळगावच्या अलीकडे एका वाडीत दिली होती. जावई सोमा दोंदे. उंच, दणकट आणि इतका लाजाळू, की सासुरवाडीला आला तर दुसरी भाकरी मागून घ्यायचा नाही. महेंद्रच्या क्लारनेटचं त्याला वेड होतं. मिरवणुकीत तो क्लारनेटची पेटी काखेत घेऊन बँडच्या कडेनं चालायचा, जणू मिरवणूक त्या पेटीचीच आहे. वयानं लहान असला तरी बहिणीचा नवरा, म्हणून महेंद्र त्याला 'दाजी' म्हणायचा आणि अहोजाहो करायचा.

दाजीला बारमाही काम नव्हतं. महेंद्रनं मुकादमाकडे शब्द टाकला आणि ब्याण्णव साली त्याला कंपनीत चिकटवला. अंगापिंडानं मजबूत म्हणून मुकादमानं त्याला चक्कीवर घेतला. त्या दिवशी शालननं शेवयांची खीर केली होती. महेंद्रलाही वाटलं, भावाचं कर्तव्य आपण चोख बजावलं.

दुपारच्या सुट्टीत दोघं बाभळीखाली बसून भाकरी खायचे. सोमा चक्कीतून यायचा तो पापण्यांपर्यंत पांढरा. तोंडावर पाणी मारलं की आतला माणूस हळूहळू दिसायला लागायचा, आणि महेंद्र म्हणायचा, "या दाजी, आत्ता वळख पटली." सोमा हसायचा. चार-पाच वर्षांनी तो हसला की त्याला खोकला यायला लागला. आणखी काही महिन्यांनी तो बाभळीपर्यंत येताना मध्ये थांबायला लागला, आणि थांबला हे कळू नये म्हणून चपलेचा अंगठा नीट करायचा.

सत्त्याण्णव साली कंपनीत नळी आली.

हे नाव कामगारांनी दिलेलं. एका पांढऱ्या गाडीतून एक डॉक्टरीणबाई आणि एक चष्मेवाला मशीनवाला आले. टेबलावर पेटीएवढं मशीन, त्याला जाड रबरी पाइप, पाइपाच्या टोकाला पुठ्ठ्याची नळी. नाकाला चिमटा लावायचा. छातीत कणभर जागा उरणार नाही इतका श्वास भरायचा, नळीभोवती ओठ घट्ट मिटायचे आणि एकदम, जीव खाऊन फुंकायचं. फुंकून झालं असं वाटलं तरी थांबायचं नाही, तळ लागेपर्यंत काढत राहायचं. तिकडे मशीनवर एक पेन कागदावर वर चढत जायचं. पहिल्या सेकंदात किती हवा आली आणि एकूण किती आली, दोन्ही त्या रेघेवरून कळायचं. मशीनवाला प्रत्येकाची उंची आणि वय पाहून कागदावर आधीच दोन निळ्या खुणा करायचा. वरची, एवढ्या उंचीच्या निरोगी माणसाचं पेन जिथवर जावं तिथं. खालची, ज्याच्या खाली पेन राहिलं तर छाती बिघडली असं समजायचं, तिथं. फुंकर तीनदा द्यायची. तिन्ही एकसारख्या आल्या तरच खऱ्या धरायच्या.

महेंद्रनं फुंकलं तेव्हा पेन वरच्या खुणेच्या कितीतरी पुढं गेलं. मशीन बिघडलं असं वाटून मशीनवाल्यानं ते पुन्हा तपासलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय करता? "क्लारनेट," महेंद्र म्हणाला, आणि मांडवभर हशा झाला. सोमाचं पेन मात्र खालच्या खुणेला कसंबसं शिवलं. त्याच्या शेजारी चक्कीवर असणारा कमळाकर म्हणून एक मुरबाडकडचा, साठीकडे झुकलेला माणूस होता. त्याचं पेन खुणेच्या बरंच खाली राहिलं. तीनदा फुंकून तो बिचारा खाली बसला.

पुढच्या आठवड्यात कमळाकर चक्कीवर दिसला नाही. त्यानंतरही दिसला नाही. तो कुठं गेला हे ऑफिसात कुणी सांगितलं नाही, आणि आपल्या लोकांनी विचारलं नाही. मला राग येतो तो याचा. तोंड सगळ्यांना होतं. पण दिवसभर तोंडाला फडकं बांधून काम करणाऱ्यांना संध्याकाळी ते सोडलं तरी बोलायचं सुचत नाही. विचारलं आणि आपलंच नाव पुढं आलं तर? मग आपापसांत ठरवून टाकलं, नळी नापास झाली म्हणून कमळाकरला घरी बसवला. ठरवलेलं हळूहळू खरं झालं. नळी भरली नाही की नोकरी गेली, हे पोराटोरांनाही पाठ झालं.

पुढच्या वर्षी गाडी येणार अशी बातमी फुटली आणि रविवारी सकाळीच शालन सापगावला आली. बरोबर पोरगी, संघरत्ना. हातात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. भावजय आत गेलेली पाहून शालन महेंद्रजवळ बसली आणि तिचे डोळे भरून आले.

"दादा, यांची नळी यंदा भरायची नाय," ती म्हणाली. "विहिरीवरनं घरी येताना दोनदा बसतात. यांना घरी बसवला तर मी काय करू रे? त्यांच्या मनानं घेतला तर ते असेच जातील. कामाबिगर ऱ्हायचा माणूस नाय तो."

"मग मी काय करू गो?"

"तूच फुंक यांच्या नावानं. तुमी सगळी पांढरीच असता. त्या गाडीवाल्याला काय वळख पटते?"

 महेंद्रला भीती वाटली. पण खरं सांगायचं तर आत कुठंतरी बरंही वाटलं. अख्ख्या पंचक्रोशीत ही गोष्ट तो एकटाच करू शकत होता, आणि बहीण त्याच्याकडेच आली होती. लहानपणी तिला ताप आला की हाच तिला पाठीवर घेऊन शहापूरच्या दवाखान्यात जायचा. आता तर नुसता श्वासच द्यायचा होता.

"रडू नको," तो म्हणाला. "भरली समज दाजींची नळी."

गाडी आली. महेंद्रनं सकाळी आपल्या नावानं फुंकून घेतलं. दुपारी सोमाचा सदरा घातला, त्याचं फडकं डोक्याला बांधलं, मूठभर पावडर तोंडाला चोपडली. सोमा गोदामामागं जाऊन बसला. मुकादमाच्या लक्षात आलं होतं; तो तिकडं पाठ करून विडी ओढत राहिला. "सोमा दोंदे!" अशी हाक आली आणि महेंद्र पुढं झाला. उंची पुन्हा कुणी मोजली नाही, गेल्या वर्षीच्या कागदावरून घेतली. निळ्या खुणा झाल्या.

महेंद्रनं त्या नीट पाहून घेतल्या. सगळी फुंकर दिली असती तर पेन भलतीकडेच जाऊन बिंग फुटलं असतं. गेल्या साली कडेवर असलेला माणूस यंदा पहिलवान कसा होईल? म्हणून त्यानं ओठ मिटले, सुरुवातीला जोर दिला, मग काकानं शिकवलं होतं तसं आतून दाबून धरलं. पेन खालच्या खुणेवर बोटभर चढलं आणि थांबलं. दुसऱ्यांदा तिथंच. तिसऱ्यांदा तिथंच.

"वा! तिन्ही अगदी सारख्या," चष्मेवाला म्हणाला. "अशी फुंकर सगळे देतील तर माझं काम किती सोपं होईल."

गोदामामागं सोमानं त्याला मिठीच मारली. लाजाळू माणूस, सोयरिकीत कधी हात धरला नव्हता. दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसले. हसताना सोमाला खोकला आला, तो थांबेपर्यंत महेंद्र त्याची पाठ चोळत उभा राहिला. त्या संध्याकाळी शालननं कोंबडी कापली. पुढच्या वर्षीही तेच झालं. तीच फुंकर, तीच बोटभर वर. आणि दोन्ही वर्षं, दुसऱ्या दिवशी सकाळी, सोमा पुन्हा चक्कीवर हजर.

दोन हजार साली भात कापणीच्या सुमाराला तो चक्कीशेजारीच कोसळला. शहापूरला सलाईन लावलं, तिथून मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. बरोबर महेंद्र. तिथं सोमापुढं पुन्हा तीच नळी आली. यावेळी गोदामामागं बसायला जागा नव्हती. नाकाला चिमटा लावून सोमानं श्वास भरला, म्हणजे खांदे वर उचलले. आत काही गेलंच नाही. त्यानं फुंकलं. पेन जरा हललं आणि आडवं झालं. शेजारी बसलेल्या महेंद्रचे गाल त्याच्या नकळत फुगले होते.

"काढा, काढा, अजून काढा," तरुण डॉक्टर म्हणत होते.

"संपली," सोमा म्हणाला.

"संपत नसते," डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले. "कितीही फुंकलं तरी थोडी हवा आत राहतेच, कुणालाच ती बाहेर काढता येत नाही. ती या नळीत मोजताही येत नाही." मग कागद बघून त्यांनी विचारलं, "याआधी कधी ही तपासणी केली होती? कंपनीत वगैरे? काही निघालं होतं का?"

महेंद्रनं तोंड उघडलं. पण त्याच्याआधी सोमा म्हणाला, "नाय साहेब. कधीच नाय." आणि त्यानं महेंद्रकडे असं पाहिलं, की महेंद्रनं उघडलेलं तोंड मिटून घेतलं. दगडाची धूळ फुप्फुसात रुतली आहे, ती आता निघत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. दोघांनी मान हलवली. परत येताना सोमानं त्याचा हात धरून ठेवला होता, पार आसनगाव येईपर्यंत.

घरी खाटेवर उशा रचून सोमा बसूनच झोपायचा. महेंद्र गेला की म्हणायचा, "दादा, एक सूर धर." महेंद्र क्लारनेट काढून हलका, लांब सूर धरायचा. सोमा डोळे मिटून ऐकायचा. सूर संपला की म्हणायचा, "बरा वाटला. माझ्या वाटणीचापण तूच घेतलास." त्याला तसं म्हणताना हसू यायचं. पुढच्या उन्हाळ्यात, जयंती होऊन गेल्यावर, एका सकाळी शालन चहा घेऊन आली तेव्हा तो तसाच उशीला टेकून होता आणि चहाला हात पुढं आला नाही.

सोमाच्या जलदानविधीला भिक्खूंनी पंचशील दिलं. शालन भिंतीला टेकून बसली होती, लहानपणी तापात बसायची तशी. महेंद्रनं सगळी धावपळ केली. रडायला त्याला सवड झाली नाही.

त्यानंतरच्या पौषात बँड मुरबाडजवळच्या म्हसाच्या जत्रेत गेला. दुपारी वाजवून झाल्यावर महेंद्र बैलबाजाराकडे निघाला. शालनसाठी घोंगडी घ्यायची होती. बैलांच्या रांगेत एक म्हातारा खोंडाच्या पाठीवरून हात फिरवत उभा होता. महेंद्र दोन पावलं पुढं गेला आणि मागं फिरला.

"कमळाकर?"

"आरं, क्लारनेटवाला!" म्हातारा खुलला. "अजून वाजवतोस ना?"

"तुमी... तुमाला तर घरी बसवला होता. नळी नापास झाली म्हणून."

"घरी कोण बसवतो?" कमळाकर म्हणाला. "डॉक्टरीणबाईनं लिहून दिला, याला धुळीतनं काढा. मग मुरबाडच्या गोदामात वजनकाट्यावर बसवला. पगार तोच. चार साल गाड्या मोजल्या आन आता शेती बघतो. चढावर दम लागतो, पण तेव्हा लागायचा तेवढाच. बाई बोल्ली होती, गेली ती छाती परत येत नाय, उरली ती तरी धुळीत घालू नको. त्यासाठीच तर होती ती नळी. ज्याची कमी भरंल, त्याला भायेर." तो क्षणभर थांबला. "सोमाचा कानावर आला. वाईट झाला रे. मला तर नवल वाटला. माझ्याबरोबरीनं धूळ खाल्ली त्यानं. त्याची नळी कशी भरत होती?"

महेंद्र काय बोलला ते त्याला नंतर आठवेना.  घोंगडीवाल्यासमोर तो कधी आला, घोंगडी कशी निवडली, तेही आठवेना. डोळ्यांपुढं एकच गोष्ट होती. कागदावरची खालची निळी खूण, आणि तिच्यावर बोटभर थांबलेलं पेन. तो ते कुठंही थांबवू शकत होता. खुणेच्या खालीही थांबवू शकत होता. नुसता श्वास थोडा आखडायचा होता. दाजी दुसऱ्या दिवसापासून काट्यावर बसला असता, आज या बाजारात खोंडाचे दात बघत उभा असता. त्यानं पेन बोटभर वर धरलं, तीनदा, आणि पुढच्या साली पुन्हा तीनदा, अगदी एकसारखं. वा म्हणून शाबासकीही घेतली. आपल्या हातानं चक्कीवर लावला, आणि आपल्या तोंडानं चक्कीवर ठेवला. जत्रेच्या गर्दीत, लोक धक्के देत असताना, तो माणूस घोंगडी तोंडाशी धरून ओक्साबोक्शी रडला.

तिथून तो बँडबरोबर परतला नाही. सरळ शालनच्या वाडीला गेला. वाटेत त्यानं ठरवलं होतं, सांगून टाकायचं. तिनं तोंडात मारली तरी चालेल, दार लावून घेतलं तरी चालेल, पण हे एकट्याच्या छातीत ठेवायचं नाही.

शालन ओटीवर सुपात तांदूळ पाखडत होती. संघरत्ना शेजारी अभ्यास करत होती. घोंगडी पाहून शालनचा चेहरा जरासा उजळला.

"शालन," महेंद्र उभ्याउभ्याच म्हणाला, "मला त्या नळीचं सांगायचं हाय."

"त्या नळीची मी रोज आठवण काढते," शालन म्हणाली. तिनं सूप खाली ठेवलं. "आत्ताच या पोरीला सांगत होते. विचार हिला. बोल्ले, तुझ्या मामानं आपला श्वास दिला तुझ्या बापाला. दोन साल. नायतर कमळाकरसारखा घरी बसवला असता, आन मान खाली घालून झुरून मेला असता. कामावरचा माणूस म्हणून गेला तो. ताठ." तिनं पदरानं डोळे टिपले. "दादा, मी मागितला आन तू दिलास. दुसरा कुणी दिला नसता. लोकांनी मला किती नावं ठेवली, हिनं नवऱ्याकडे लक्ष दिला नाय म्हणून. पण मी मनाला सांगते, मी एक तरी गोष्ट त्यांच्यासाठी बरी केली. तुझ्याकडे आले."

 तिच्याजवळ नवऱ्याच्या नावाचं उरलं होतं ते एवढंच. महेंद्रनं तोंड उघडलं असतं तर तेही गेलं असतं, आणि त्याच्या जागी जे आलं असतं ते तिला जन्मभर पुरलं असतं. कारण मागितलं तिनंच होतं.

"काय सांगायचा होता?" तिनं विचारलं.

"काय नाय," महेंद्र म्हणाला. "असाच आठवला."

"बस ना मग. उभा काय?"

तो ओटीच्या कडेला बसला. संघरत्नानं येऊन घोंगडी पांघरून पाहिली आणि मामाला चिकटून बसली. शालन आत गेली, चहा घेऊन आली, बशीत ओतून तिनं त्याच्यापुढं धरला.

"गरम हाय रे," ती म्हणाली. "फुंकून पी."

महेंद्रनं बशी ओठांशी नेली. वाफ तोंडावर आली. शालन समोरच बसली होती, पोरगी मांडीला टेकली होती. त्याच्यानं फुंकर मारवेना. त्यानं डोळे मिटले आणि तो कढत चहा तसाच प्याला.